गाडीवरची मधली अक्षरं

१४ नोव्हेंबर १९७७

बनारसच्या मैदागिन चौकात मर्सिडीज! रिक्षावाले रिक्षा सोडून तिच्याभोवती उभे होते. शाळेत शिकवून येताना मीही त्या गर्दीत घुसले. सायीसारखा रंग, त्यावर धुळीचा थर, नाकावर तो तीन पात्यांचा तारा. दाराला हळूच बोट लावलं – गार, गुळगुळीत. आत बसायला चामड्याच्या गाद्या, आमच्या बैठकीपेक्षा मऊ असतील. मागे पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं: GÖ–VM 68. चहावाला म्हणाला, "जर्मनी से आयी है बहिनजी, सड़क-सड़क." रस्त्यानं! तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान – आणि मग आमचं मैदागिन.

गाडीपाशी एक उंच, पांढऱ्या केसांची बाई कागदावरचा पत्ता लोकांना दाखवत होती. विद्यापीठात दोन वर्षं शिकलेलं जर्मन आज पहिल्यांदा जिवंत माणसाशी बोलले. पत्ता ब्रह्मा घाटाचा निघाला. नाव वेणीमाधवशास्त्री. म्हणजे आमचे बाबा.

१५ नोव्हेंबर

बाईंचं नाव फ्राउ लिंडनर, फ्राउ म्हणजे श्रीमती. ग्योटिंगेनच्या ग्रंथालयात होत्या, आता निवृत्त. थोडं संस्कृत येतं. काल घरी आणलं तेव्हाच, बाबांचं सामगान ऐकायचंय म्हणाल्या. बाबांनी त्यांना वर-खाली न्याहाळलं. मग मला म्हणाले, "सांग त्यांना, सकाळी यावं. अंघोळ करून. मधे बोलायचं नाही."

आज त्या खरंच अंघोळ करून आल्या. ओल्या केसांनी दोन तास भिंतीशी मांडी घालून बसल्या, हूं की चूं नाही. आईनं चहा दिला, पण वेगळ्या कपातून.

मला सारखं एकच वाटतंय – या वयात, एकटी बाई, एवढी मोठी गाडी घेऊन इतक्या देशांतून आली कशी? विचारलं तर नुसत्या हसल्या. गाडी कँटोनमेंटच्या हॉटेलात ठेवलीय. इथे रोज रिक्षानं येणार म्हणाल्या.

१७ नोव्हेंबर

आज गाणं झाल्यावर बाबांनीच विचारलं, "त्या मोटारीवर काय लिहिलंय म्हणे? पोरं गल्लीत घोकत फिरतायत."

फ्राउंनी माझी पाटी मागितली आणि खडूनं काढून दाखवलं. पहिली अक्षरं गावाची. GÖ म्हणजे ग्योटिंगेन. M म्हणजे म्युनिक. गाव जितकं मोठं तितकी अक्षरं कमी. लहान जिल्ह्यांना तीन-तीन. मग त्या जिल्ह्याच्या कचेरीचा गोल शिक्का. तो नसेल तर पाटीला काही अर्थ नाही, नुसता पत्रा. दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेलात की जुनी पाटी उतरवायची, नवी घ्यायची. शिक्क्यापुढे आणखी अक्षरं, मग आकडा.

मी बाबांना एकेक समजावून सांगत होते. त्यांचा चेहरा उजळत गेला. "म्हणजे हे तर आपलं अभिवादनच झालं," म्हणाले. "आधी गोत्र, मग शाखा, मग नाव. मोठ्यांपुढे उभं राहायचं तर आपण कुठले हे आधी सांगायचं." त्यांनी कानांना हात लावून स्वतःचं अभिवादन म्हणून दाखवलं. फ्राउंनी डोळे मिटून ऐकलं. एका पत्र्याच्या पाटीवरून ही दोन माणसं इतक्या लांबून एकमेकांना भेटत होती.

मग फ्राउंनी कोपऱ्यात लिहिलं: DD. त्यांचं जन्मगाव, ड्रेस्डेन. तो भाग आता पूर्व जर्मनीत, वेगळ्या देशात. तिकडच्या गाड्यांचे नंबर निराळे. पण पश्चिमेकडच्या यादीत DD कुणालाही दिलेलं नाही. तिकडच्या बहुतेक गावांची अक्षरं तशीच राखून ठेवलीत.

"का?" बाबांनी विचारलं.

"परत एक झालो तर लागतील म्हणून."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

बाबा उठून पंचगंगा घाटावर निघून गेले. जेवायलाही उशिरा आले.

१८ नोव्हेंबर

आईनं आज फ्राउंना आपल्यातला पितळी पेला दिला.

२० नोव्हेंबर

आजचं सगळं लिहून काढते.

दुपारी फ्राउंना दशाश्वमेधावर घेऊन गेले होते. पायऱ्यांवर बसलो. मी सहज विचारलं, शिक्क्यापुढची अक्षरं कशी ठरतात? म्हणाल्या, कचेरी देईल ती. पण हौशी लोक विनंती करतात, आणि मोकळी असली तर मिळतात. बहुतेक जण स्वतःच्या नावाची घेतात.

"पण तुमचं नाव तर हेल्गा लिंडनर. मग VM कसं?"

मग म्हणाल्या, "गाडी माझी नाही, सुनीती. माझ्या जावयाची आहे."

"त्यांचं नाव?"

"रत्नाकर."

दादा! माझा दादा. नऊ वर्षांपूर्वी इंजिनिअरिंग शिकायला बोटीनं परदेशी गेला. समुद्र ओलांडलास तर या घरात तुला पाणी नाही, असं बाबा म्हणाले होते. तरी गेला. पहिल्या वर्षी पत्रं आली, बाबांनी न फोडता परत पाठवली. मग यायची थांबली. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नाही. आई देवापुढे घेत असेल, तर मनात.

"V आणि M," फ्राउ म्हणाल्या. "त्याच्या वडिलांचं नाव. कचेरीतल्या माणसानं विचारलं, तुमची अक्षरं R पासून हवीत ना? हा म्हणाला, नको, मी कुणाचा ते लिहा."

मी तिथे पायऱ्यांवर रडले. नावाडी बघत होते. बघू देत.

त्यांनी सांगितलं, दादाला एक मुलगी आहे, चार वर्षांची. तिचं नाव अन्नपूर्णा. आईचं! तिकडच्या बालवाडीत कुणालाच नीट म्हणता येत नाही.

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"आधी मला बघायचं होतं, हा माणूस ऐकून घेणारा आहे की नाही."

२१ नोव्हेंबर

बाबांना अजून सांगितलेलं नाही. आईला सांगितलं. ती चुलीपुढे बसून राहिली. भाजी करपली. मग एवढंच विचारलं, "जाडा झालाय का गं?"

२३ नोव्हेंबर

आज फ्राउंनी बाबांना सगळं सांगितलं. जर्मन त्यांचं, मराठी माझं. दादाचं नाव या घरात मोठ्यानं उच्चारणारी मी निघाले – दुसऱ्याचे शब्द म्हणून का होईना. मी दोनदा थांबले. बाबा म्हणाले, "थांबू नकोस. जसं आहे तसं सांग."

सगळं संपलं. आई दाराआड उभी होती. बाबांनी माझ्यापुढे पाटी सरकवली.

"ती अक्षरं लिही."

मी V लिहिलं, M लिहिलं. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी M वर बोट ठेवलं. "हे मा?"

"हो. वे आणि मा."

"आणि ही पाटी घेऊन तो तिथल्या रस्त्यांवर हिंडतो. सगळ्यांसमोर."

"हो बाबा."

खाली आमच्या बोळातून एक म्हैस गेली, तिच्या खुरांचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकू आला. मग बाबांनी फ्राउंकडे बघून विचारलं, आणि मी ते जर्मनमध्ये केलं – "मोटारीनं येताना वाटेत समुद्र लागतो का?"

फ्राउंना प्रश्न कळायला वेळ लागला. मग म्हणाल्या, "इस्तंबूलला लागतो. दोन खंडांच्या मधे, अरुंद. पूर्वी गाडी बोटीवर चढवावी लागायची. चार वर्षांपूर्वी त्यावर पूल झाला."

"म्हणजे घरापासून घरापर्यंत जमीनच?"

"जमीनच. विमानाचं तिकीट स्वस्त पडलं असतं. पण रत्नाकर म्हणाला, बनारसला जायचं तर रस्त्यानंच. पाकिस्तानच्या परवान्यासाठी आम्ही दोघं तीन महिने थांबलो."

बाबा म्हणाले, "तुम्ही थांबलात ते ठीक. येणार नव्हता तर तो कशाला थांबेल?"

मी भाषांतर केलं. फ्राउंनी उत्तराऐवजी माझ्याकडे बघितलं. बाबाही आता माझ्याकडे बघू लागले.

२४ नोव्हेंबर

आज फ्राउंनी कबूल केलं, त्यांना मोटार चालवताच येत नाही. मैदागिनला गाडी दादानंच आणली होती, त्यांना उतरवून तो गर्दीआड झाला; पहिल्या दिवसापासून कँटोनमेंटच्या त्या हॉटेलात बसून आहे.

मी म्हटलं, "मी बोलावून आणते." बाबा म्हणाले, "नको." उपरणं खांद्यावर टाकलं, आईला सांगितलं, "एक पाट जास्त मांड," आणि अनवाणीच गल्लीला लागले.