मोठ्या नेढ्याची सुई

प्रिय बारक्या,

तुझं पोट बघता हे नाव आता तुला शोभत नाही, पण माझ्या तोंडात दुसरं बसत नाही. परवा फोनवर तू मला चांगलंच फैलावर घेतलंस. आईनं उभा केलेला धंदा मी जिभेपायी घालवला, हॉटेलच्या मॅनेजरची माफी मागायला काय जीव जात होता का, असं म्हणालास. मी नुसतं हं हं करत राहिले. तुला वाटलं असेल, ताईची बोलती बंद झाली. अरे, आई शेजारच्याच खुर्चीत बसली होती. तिचे कान इतके तिखट आहेत की फोनमधला तुझा आवाजही तिला ऐकू जातो. म्हणून हे पत्र. निवांत वाच, आणि एकटाच वाच.

लॉन्ड्री या महिनाअखेरीस बंद होतेय. मशिनं काल नेली. ती होती तिथली फरशी पांढरीफटक दिसतेय आणि पाण्याच्या पाइपांच्या तोंडात मी चिंध्या कोंबल्यात. वाफ नाही म्हटल्यावर भिंती इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोरड्या पडल्या, तर रंगाचे पोपडे सुटायला लागले. इस्त्रीवाली मावशी कामाला शेवटची आली तेव्हा इस्त्री करायला काहीच नव्हतं. तिनं माझीच ओढणी घेतली, कडक इस्त्री केली, घडी घालून माझ्या हातात दिली आणि गेली. मी शटरमागे बसून पोटभर रडले. हे तुला फोनवर कसं सांगणार होते?

तुला आठवतं ना, बाबा गेल्यावर आई लोकांचे कपडे आणून मोरीत धुवायची आणि तू फेस डोक्याला फासून म्हातारा व्हायचास. पुढे हॉटेलचं काम मिळालं ते तिच्या टाक्यामुळे. बाकीचे लॉन्ड्रीवाले उसवलेली चादर तशीच परत पाठवायचे. आई शिवून पाठवायची, तेही न सांगता. एकदा मॅनेजर स्वतः विचारायला आला, तर तिनं त्याच्या हातात चादर दिली आणि म्हणाली, कुठं शिवलंय ते दाखवा. त्याला सापडलंच नाही. तेव्हापासून हॉटेलच्या सगळ्या चादरी, अभ्रे आपल्याकडे. खिडकीजवळची तिची खुर्ची, मांडीवर पांढरा ढीग, ब्लाउजला टोचलेली सुई. मी मशिनं सांभाळायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायचं, तिनं शिवायचं.

तर त्या दिवशी मॅनेजरनं मला बोलावून घेतलं. मला वाटलं, एखादा डाग राहिला असेल, नेहमीचंच गाऱ्हाणं. टेबलावर आपला एक अभ्रा होता आणि त्याच्यावर सुई. नेढ्यात पांढरा दोरा तसाच. एका पाहुण्यांच्या तान्ह्या बाळाच्या गालात घुसली होती, डोळ्याच्या अगदी खाली. बाळ वाचलं, डोळाही वाचला. पण मी ती सुई उचलून जवळून बघितली. दोऱ्याच्या टोकाला दुहेरी गाठ होती, आपल्या दोघांच्या शाळेच्या बटणांना असायची तीच.

आईला दिसत नाही, बारक्या. थोडंथोडकं नाही, जवळपास काहीच. डॉक्टर म्हणाले, डोळ्याची नस सुकली, आता इलाज नाही. ती कबूल करत नाही. मावशीला चपलांच्या आवाजावरून ओळखते आणि आज साडी छान आहे गं, असं ठोकून देते. चहा ओतताना कपात बोट बुडवून अंदाज घेते. सुईत दोरा मावशीच गुपचूप ओवून द्यायची. शिवायची मात्र ती बोटांनी, आणि टाका अजून सरळ यायचा. म्हणून तर मी तिला थांबवलं नाही. पांढऱ्या कापडात पांढरा दोरा, सुई कुठं राहिली ते तिला कळणार तरी कसं, आणि आम्हालाही दिसलं नाही.

मॅनेजर काही वाईट माणूस नाही. त्याला मालकाला तोंड द्यायचं होतं. म्हणाला, ज्यानं हे केलं त्याचं नाव सांग, त्याला काढून टाकलं असं कळव, काम तुझ्याकडेच राहील. मावशीनं ऐकलं तेव्हा म्हणाली, माझं नाव घाल. पण असं नाव लागल्यावर तिला दुसरीकडे कोण उभं करणार होतं? आणि आईचं सांगायचं म्हणजे तिला त्या खुर्चीवरून उठवायचं, आणि का उठवलं तेही सांगायचं. बाळाचं कळलं असतं तर तिनं अन्नपाणी टाकलं असतं. मी सांगितलं, सुई माझी. मग तो म्हणाला, धंद्याची मालकीणच अशी असेल तर मी कुणाच्या भरवशावर काम देऊ? त्याचंही बरोबरच होतं. बातमी पसरली आणि एका दवाखान्याच्या चादरी यायच्या आपल्याकडे, तेही काम गेलं.

आईला मी सांगितलं, मॅनेजरशी वाजलं. तिनं लगेच विश्वास ठेवला, माझी ख्यातीच तशी. तेव्हापासून रोज ऐकवते, गिऱ्हाईक सांभाळायला अक्कल लागते, तुझी जीभ नडली. मध्येच विचारायची, माझी मोठी सुई कुठं गेली गं? मी तशीच नवीन आणून तिच्या खुर्चीच्या गादीत खोचून ठेवली. तिनं बोट फिरवलं, टोक चाचपलं आणि म्हणाली, हीच ती.

आता मला दुसऱ्याच्या लॉन्ड्रीत पाळीनं काम मिळालंय, दिवसभर ती घरात एकटी राहू शकणार नाही. रविवारी तिला तुझ्याकडे आणून सोडते. तिचं शिवण बंद करू नका, नाहीतर ती खचेल. मोठ्या नेढ्याच्या सुया आणून ठेव, तुझ्या बायकोला म्हणावं, ओवून दे, आणि दोरा लाल घे, तिला कुठं कळतंय. तिनं शिवलेल्या प्रत्येक कपड्यावरून आधी तुझा हात फिरव, मगच पोरांच्या अंगाला लाव. ती तुला सांगेल, थोरलीनं जिभेपायी सगळं घालवलं. माझी बाजू घेऊ नकोस. परवा माझ्यावर जसा ओरडलास ना, अगदी तसाच तावातावानं हो म्हण तिला.

तुझीच,
तोंडाळ ताई