रिमोट आणून दिला की महिना बंद

बाबा,

लाईट गेलीय, दुकानात गिऱ्हाईक नाही, आणि आठवडाभर जे तुमच्याशी बोलायचं टाळत होते ते आता लिहूनच काढते. तलासरी नाक्यावरचं आपलं दुकान अजून तिथंच आहे. पाटी बदलली, आतली फळी तीच आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि तुमच्या केबलची शेवटची वायर मी स्वतः खांबावरून उतरवून भंगारात घातली त्याला पाच. भंगारवाल्याने तांब्याचे पैसे दिले तेव्हा मी हिशेब न बघता खिशात टाकले. तुम्ही असता तर वजनकाटा दोनदा बघितला असता.

आता टीव्ही कसा चालतो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं तुमच्या डोक्यावरून जाईल. इंटरनेटची बारीक वायर घरात येते, टीव्हीला मुठीएवढा डबा लागतो आणि मग मालिका, क्रिकेट, सिनेमा, जे पाहिजे ते पाहिजे तेव्हा. पण एका ठिकाणी सगळं नाही. मालिका एका ॲपवर, क्रिकेट दुसऱ्यावर, गुजराती नाटकं तिसऱ्यावर, आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. आपल्या मागच्या गल्लीतल्या मास्तरांनी चार ॲप घेतलीत आणि बघतात एकच, तेही जेवताना बातम्या. मी म्हटलं, मास्तर, तीन बंद करा. तर म्हणतात, असू दे, कधीतरी लागेल. तुम्ही किंमत काढायचात ती मला आठवते. महिन्याचे पैसे भागिले टीव्हीसमोर बसणारी डोकी. पाड्यावर एका टीव्हीपुढे अंगणभर माणसं बसायची, म्हणून तुमची केबल कुणाला महाग वाटली नाही. मास्तरांच्या घरी तो भागाकार करायला गेलं तर बिचाऱ्यांना जेवण जायचं नाही.

तुमच्या वेळचा नियम पाड्यांवर सगळ्यांना पाठ होता. भातकापणी झाली, दिवाळी झाली की माणसं बाहेर पडायची. कुणी वीटभट्टीवर, कुणी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून. घराला कुलूप लावलं की बाई नाहीतर बाप्या टीव्हीचा रिमोट फडक्यात बांधून दुकानात आणून द्यायचा. रिमोट आला की तुम्ही त्याला चिठ्ठी बांधायचात, आणि त्याच दिवशी सायकल काढून पाड्यावरच्या खांबावरच्या डब्यातून त्या घराची वायर सोडवून यायचात. त्या दिवसापासून पैसे बंद. ना कागद, ना सही. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला माणसं परत आली की रिमोट घ्यायला यायची, आणि तुम्ही वायर जोडायचात. ते सगळे रिमोट आईच्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याशेजारच्या पत्र्याच्या पेटीत असायचे. आई कुरकुरायची, म्हणायची, माझ्या घरात पापडाला जागा नाही आणि गावभरचे रिमोट ठेवून घेतलेत. पण पावसाळी हवेत ती त्या पेटीखाली चुलीतली गरम राख ठेवायची, हे मी बघितलंय.

नववीत होते. तुम्ही डहाणूला माल आणायला गेला होतात आणि दुकानात मी बसले होते. एक बाई रिमोट घेऊन आली. महिन्याची पाच तारीख होती. मी मोठी शहाणी, म्हटलं, महिना सुरू झाला, आता पूर्ण महिन्याचे पैसे द्यावे लागतील. तिने कमरेच्या पिशवीतून काढून दिले. संध्याकाळी तुम्ही आलात, मी अभिमानाने सांगितलं. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात.

"घराला कुलूप. मग टीव्ही कोण बघणार, उंदीर?"

"पण बाबा, महिना तर—"

"उठ. चप्पल घाल."

तीन किलोमीटर चालवत नेलंत मला. त्या बाईचं बोचकं बांधून झालं होतं, ट्रक सकाळी येणार होता. माझ्याच हाताने पैसे परत करायला लावलेत, आणि वर म्हणायला लावलंत, माझी चूक झाली. परत येताना मी रडत होते. तुम्ही म्हणालात, ती माणसं आपल्याला बांधलेली नाहीत, म्हणून तर दर वर्षी आपणहून परत येतात. मला तेव्हा एवढंच कळलं की माझी लाज काढली.

आता माझं सांगते. गेल्या पावसाळ्याआधी एक मोठी कंपनी आली. नाव काय घ्यायचं, तुम्हाला त्याचा उपयोग नाही. इंटरनेट, डबा आणि पंधरा ॲप एकत्र, महिना चारशे. सुटं, एकेका महिन्याचं, घ्यायला गेलं तर हेच पाचशे साठला पडतं. स्वस्ताची अट एकच, वर्षाचा करार. पैसे दर महिन्याला खात्यातून आपोआप कापले जाणार. मला एजन्सी दिली. केबल गेल्यापासून मी मोबाईलची कव्हरं आणि रिचार्ज विकून दिवस काढत होते, बाबा. मला ही एजन्सी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पाड्यापाड्यांवर फिरले. लोकांनी काही विचारलं नाही. केबलवाल्याची पोर आहे ना, मग ठीकच असेल. म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर आलेला नंबर मीच बघितला, मीच भरला. खात्याला परवानगी मीच लावून दिली.

दिवाळी झाली. आणि मग एकेक जण आपापला रिमोट फडक्यात बांधून दुकानात यायला लागला.

कसं सांगू तुम्हाला? त्यांच्या लेखी काही बदललंच नव्हतं. वायर बदलली, डबा बदलला, पण घराला कुलूप लावलं की रिमोट दुकानात द्यायचा, की महिना बंद. ही रीत तुम्ही लावलेली. मी चिठ्ठ्या बांधल्या आणि रिमोट खणात ठेवले. चौदा घरं. ती भट्ट्यांवर आणि बोटींवर गेली, आणि इकडे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चौदा खात्यांतून चारशे चारशे कापले जात राहिले. बंद घरात टीव्ही बघणारा उंदीरसुद्धा नव्हता.

गेल्या महिन्यात एक म्हातारी सगळ्यांच्या आधी भट्टीवरून परत आली. गुडघा सुजलेला, काम होईना, म्हणून मुलाने गाडीत बसवून दिलं. औषधाला पैसे काढायला ती बँकेत गेली तर खात्यात काही नाही. बँकेतल्या माणसाने कागद हातात दिला आणि म्हणाला, टीव्हीवाल्यांनी घेतले. तशीच लंगडत दुकानात आली. भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. स्टुलावर बसली, गुडघा चोळत राहिली, आणि म्हणाली, "बाय, रिमोट तर तुझ्याकडं हाय ना? का मी दुसऱ्या कुनाला दिला?" तिला वाटत होतं तिचीच काहीतरी चूक झाली. मी खण उघडून रिमोट दाखवला. तिने चिठ्ठी बघितली, तिला वाचता येत नाही तरी बघितली, आणि म्हणाली, "मंग?" मी तिला औषधाचे पैसे दिले, पाणी दिलं, म्हटलं, मावशी, माझ्या लक्षातच आलं नाही. ती म्हणाली, "व्हतं कंदी कंदी." आणि गेली.

दुसऱ्याच दिवशी एसटी पकडून डहाणूला त्यांच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब चांगला बोलतो, चहा मागवतो, अहोजाहो करतो. म्हणाला, मॅडम, करार म्हणजे करार. मधेच बंद केला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे भरावे लागतील, सगळीकडे तसंच असतं. मी म्हटलं, ती माणसं पाच महिने घरीच नसतात, हे तुमच्या करारात कुठे बसतं? तो हसला. "ते तुम्ही विकताना बघायचं होतं ना?" बाबा, मला राग आला, पण त्याच्यावर काढता येईना, कारण बोलला ते खरं होतं. मी टेबलावर हात ठेवून सांगितलं, माझं डिपॉझिट तुमच्याकडे आहे. त्यातून कापा आणि चौदाही बंद करा, आज, माझ्यासमोर. म्हणाला, मग एजन्सी राहणार नाही. म्हटलं, नका ठेवू. त्याने दोनदा विचारलं, विचार करा म्हणून. तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी कागद ओढून सही केली. मसोलीला सख्ख्या मावशीकडे जेवून परतीची गाडी पकडली. मावशीने बोंबील केले होते, मी चांगले तीन खाल्ले. भीती वाटायला हवी होती, पण भूक लागली होती.

खात्याची परवानगी ज्याच्या त्याच्या फोनवरूनच काढावी लागते. बोटीवरच्यांना बंदरात आल्यावरच रेंज मिळते. मी वहीत बंदरांचे दिवस लिहून ठेवले आणि फोन लावत बसले. आता हिरवं बटण दाब, आता खाली सरक, नाही, ते नाही, त्याच्या खालचं. एक जण म्हणाला, ताई, मासळी उतरवायची हाय, लवकर सांग. पंधरा मिनिटं लागली, पण काढली. चौदाच्या चौदा काढल्या.

आता मी बिनकराराचंच विकणार, त्याला एजन्सी लागत नाही, मोबाईलच्या रिचार्जसारखंच भरून देता येतं. ज्या महिन्यात बघायचं त्या महिन्याचे पाचशे साठ भरा, गावी नसाल तर भरू नका. मास्तर म्हणतात, महाग देतेस, लोक येणार नाहीत. मी त्यांना फळीवर खडूने मांडून दाखवलं. वर्षाच्या कराराने चार हजार आठशे. सात महिनेच घरी असणाऱ्याला सुट्याने तीन हजार नऊशे वीस. ज्यांच्या घराला कधी कुलूप लागत नाही त्यांना करारच परवडतो, आणि तसं आलेल्याला मी तसं तोंडावर सांगणार, भले गिऱ्हाईक गेलं तरी. बिनकराराचं सगळं सोन्याचं आहे असंही नाही. ते ॲपवाले पुढच्या महिन्यात भाव वाढवतील, एखादी मालिका अर्ध्यावर काढून टाकतील, त्यांनाही कुणी बांधलेलं नाही. पण तेव्हा माणूस रिमोट आणून देईल आणि मी त्याच दिवशी बंद करेन. एवढं माझ्या हातात आहे आणि तेवढं मी करणार.

कापलेले पैसे मी माझ्याकडचे देतेय. स्कूटी विकली. आई म्हणाली, तुझ्या बापाने सायकलवर धंदा केला, तू पायी कर. म्हणाली रागानेच, पण चौदा पाकिटं तिनेच बसून चिकटवली. यात्रा आठ दिवसांवर आली. माणसं येतील, रिमोट मागतील, आणि रिमोटबरोबर पाकीट मिळेल. त्यातले किती जण पुन्हा माझ्याकडून काही घेतील, माहीत नाही. दुकान चालेल की नाही, तेही माहीत नाही. पाकिटं मात्र तयार आहेत.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट अजून लिहायची राहिली आहे. म्हातारीला मी म्हटलं, माझ्या लक्षातच आलं नाही. पहिले तीन रिमोट मी सवयीनेच घेतले, तेवढं खरं. चौथा घेऊन आलेल्या माणसाने दारातून जाता जाता विचारलं, "आता बंद ना ताई?" माझा हात चिठ्ठी बांधता बांधता थांबला. त्या क्षणी मला सगळं कळलं, की बंद होत नाहीये, पैसे जातच राहणार आहेत. चालू राहिलेल्या प्रत्येक घरामागे मला दर महिन्याला कमिशन येत होतं. मी म्हणाले, "हो, बंद." आणि पुढचे दहा रिमोट हसत घेतले.

पाकिटात पैसे आहेत, हे नाही. उद्या सकाळी आधी म्हातारीकडे जाते, यात्रेची वाट न बघता. तुम्हाला सांगणं सोपं होतं, बाबा, तुम्ही आता मला चप्पल घाल म्हणत नाही. ती समोर बसलेली असेल, आणि मी सांगून झाल्यावर ती काय म्हणेल ते मला तिथंच उभं राहून ऐकावं लागेल.