चार कोपऱ्यांतला ऑर्केस्ट्रा आणि पंख्याखालची खुर्ची

तीर्थस्वरूप सर्जेरावमामा,

राकेशचा पुण्याहून दोन्ही हात जोडून नमस्कार (खरं तर एकाच हाताने, दुसऱ्यात चहाचा कप आहे, गोड मानून घ्या). मामीचा गुडघा काय म्हणतो? भैरूतात्यांनी ढोलाचं फाटलेलं पान बदललं का? इकडे सर्व क्षेम आहे, निदान रविवारपर्यंत.

वरातीत वाजवणं म्हणजे संगीत नव्हे, असं सांगून मी तुमचा बँड सोडला, त्यावर मी अजून ठाम आहे. स्वारगेटला उतरून आधी कात्रजला साप बघायला गेलो (अजगर झोपला होता, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही), आणि मग एका श्रवणमंडळात चिकटलो. इथले सभासद दर रविवारी जमून परदेशी रेकॉर्डी ऐकतात आणि मग अत्यंत आदराने एकमेकांचा अपमान करतात. मी स्पीकर लावतो, चहा देतो आणि हॉलमागच्या खोलीत फुकट झोपतो.

सध्या कुठल्याशा थंड देशातल्या एका आधुनिक संगीतकाराची रचना चालू आहे. तिला चाल नाही. (मला वाटलं वाद्यं सुरात लावताहेत; ती लागेपर्यंत कार्यक्रमच संपला.) जुन्या तबकडीत ढोल डावीकडून येतात, नव्या सीडीत उजवीकडून. तबकडी सचिव श्रीनिवासकाकांची, सीडी ऋतुजाताईंची (या हिंजवडीला नोकरी करतात आणि ‘अहो काका’ अशा सुरात म्हणतात की काकांनी सावध व्हावं). भांडण इतकं पेटलं की काकांनी जाहीर केलं, येत्या रविवारी निकाल न लागल्यास मंडळ बरखास्त. मंडळाबरोबर माझी खोलीही गेली म्हणून समजा.

म्हणून मी तिथल्या तिथे तबकडीचं पाकीट नीट पाहिलं. मागे आकृती होती: ऑर्केस्ट्रा चार कोपऱ्यांत, ऐकणारे मध्ये. मी चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवले. पण या मंडळात प्रत्येकाची खुर्ची ठरलेली आहे, आणि काकांची पंख्याखाली, भिंतीला टेकून. म्हटलं, ‘काका, आपण मध्ये बसायचंय.’ ते म्हणाले, ‘मध्य इकडे घ्या.’ घेतला. चारही स्पीकर त्यांच्याभोवती मांडवाच्या खांबांसारखे उभे राहिले आणि बाकीचे सभासद बाहेरून आमंत्रण नसल्यासारखे ऐकत बसले.

ढोल सुरू झाले. काका ओरडले, ‘डावीकडून!’ ऋतुजाताईंनी काकांच्या उजवीकडचे सोडून बाकी स्पीकर बंद केले. काका पुन्हा, ‘डावीकडून!’ मी उजव्या बाजूने चहा विचारला, उत्तर नाही. पुन्हा विचारला, नाही. डावीकडे जाऊन विचारला, तर म्हणाले, ‘केव्हाची वाट बघतोय!’ हॉलमध्ये सगळ्यांना सगळं कळलं. पण काकांना त्यांचा उजवा कान गेल्याचं सांगणार कोण? ‘प्रत्यक्ष वादकांशिवाय निर्णय अशक्य’ असा ठराव एकमताने पास झाला. तेवढ्यात मला आपला बँड आठवला. वरातीत समोरून एसटी आली की निम्मे इकडे, निम्मे तिकडे, वाजवणं चालूच, आणि मधून जाणाऱ्या प्रवाशांना दोन्हीकडून संगीत. तोंडातून निघून गेलं, की माझ्या मामांचा ऑर्केस्ट्रा पूर्वीपासून असाच उभा राहतो. मामा, पुण्यात पहिल्यांदाच मला कुणीतरी बसायला खुर्ची दिली.

आपला भाचा,
राकेश

ता. क. रविवारी सकाळी बँड घेऊन या. तुऱ्याच्या टोप्या नकोत. चाल नसलेलं वाजवायचंय (भैरूतात्यांना वेगळं सांगायला नको). ढोल काकांच्या डाव्या हाताला उभा करा. ऋतुजाताईंना मी समोर, काकांकडे तोंड करून बसवतो, म्हणजे तोच ढोल त्यांच्या उजवीकडे. दोघंही जिंकतील आणि माझी खोली वाचेल.

आणखी एक. माळ्यावरचं माझं क्लॅरिनेट अजून असेल तर तेही आणा. चौथ्या कोपऱ्यात माणूस कमी पडेल, एवढंच.