ती जागा आणि बासष्ट किलोमीटर

२ सप्टेंबर, सोमवार
अखेर योग्य माणसाची निवड झाली. सरपंचबाई देल्पेश यांनी ग्रॅव्हल सायकल मार्गाचं काम माझ्यावर सोपवलं. सेले नदीच्या खोऱ्यातले जुने गाडीरस्ते, मेंढ्यांच्या वाटा, अक्रोडाच्या बागांमधली खडी, सगळं जोडून बासष्ट किलोमीटरचा फेरा. १३ ऑक्टोबरला उद्घाटन, मी सर्वांत पुढे. ओदेतचं (बायको) म्हणणं, मीटिंगला तू एकटाच गेला होतास. तिला माझं चांगलं बघवत नाही.
संकल्प: रोज चाळीस किलोमीटर. आठ किलो वजन कमी. चीज बंद.

३ सप्टेंबर
चीज एकदम बंद केलं तर गुडघ्यांना त्रास होतो असं वाटतं. हळूहळू करू.

५ सप्टेंबर, गुरुवार
नकाशा तयार. सरळ सपाट वाट नदीकाठच्या चेस्टनटच्या रानातून जाते. पण तिथे ती जागा आहे. नाव इथेही लिहिणार नाही. वही म्हणजे काय, कुणाच्याही हाती लागू शकते.
बाबांनी मरण्याआधी चार दिवस मला जवळ बोलावून कानात सांगितली होती. खोऱ्यातले सर्वांत मोठे सेप तिथे उगवतात. अळंबीत या जातीच्या तोडीचं काही नाही. इथे माणूस घराची किल्ली देईल, सेपची जागा देणार नाही. सव्वीस वर्षं झाली, ओदेतलाही सांगितलेली नाही.
म्हणून मार्ग रान टाळून गाढवटेकडीवरून वळवला. तीन किलोमीटर खडा चढ. संध्याकाळी दर गुरुवारसारखा पत्ते खेळायला लेओन्स आला. माझ्या बहिणीचा नवरा. नकाशा बघून म्हणाला, क्लोव्हिस, खालची सपाट वाट सोडून लोकांना वर कशाला चढवतोस, त्यांनी तुझं काय घोडं मारलंय? म्हटलं, वरून दृश्य चांगलं दिसतं. म्हणाला, वरून पिकार कुटुंबाचा डुकरांचा वाडा दिसतो. मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि पत्ते वाटायला लागला.

९ सप्टेंबर, सोमवार
पहिली चाचणी फेरी. फोनवर सायकलवाल्यांचं अ‍ॅप घेतलं. आपण जिथून जातो तिथे लाल रेघ काढतं, थांबलो तर किती मिनिटं तेही लिहितं, आणि सगळं जगाला दाखवतं. लोक अंगठे देतात. प्रचार फुकटात.
चाळीसपैकी अकरा किलोमीटर झाले. त्या जागी तांत्रिक थांबा, बावन्न मिनिटं. दोन किलो सेप. हे सर्वेक्षणात धरलेलं नाही.
चौदा अंगठे. खोरं ग्रॅव्हलसाठी आसुसलेलं आहे.

१४ सप्टेंबर
सहा दिवस, सहा फेऱ्या. रोज तेच अकरा किलोमीटर, कारण पाया पक्का हवा. तांत्रिक थांबा रोज. सायकलला पुढे वेताची टोपली बसवली (प्रथमोपचारासाठी).
अ‍ॅपवर माझ्यामागे त्रेसष्ट जण लागलेत. बेकरीवाली सोलांज आहे. निवृत्त नोटरीसाहेब आहेत, वय ब्याऐंशी, आयुष्यात कधी सायकलवर बसलेले नाहीत. माझ्यामुळे माणसं बदलताहेत. सोलांजनं तर दुकानात विचारलं, उद्या किती वाजता जाणार? सांगितलं, साडेआठ. म्हणाली, मग सातला बरं पडेल. कशाला ते विचारायचं राहिलं.

१९ सप्टेंबर
वजन दीड किलो वाढलं. स्नायू.

२२ सप्टेंबर, रविवार
त्या जागी सगळं कापलेलं. पाच-सहा देठांचे पांढरे बुंधे, ताजे, चाकूनं स्वच्छ कापलेले. कुणीतरी माझ्या बापाच्या रानात शिरलं.
डोकं शांत ठेवून विचार केला. नकाशा कुणी बारकाईनं पाहिला? लेओन्सनं. कुणी जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघितलं? लेओन्सनं. शिंगाच्या मुठीचा चाकू चोवीस तास कुणाच्या खिशात असतो? लेओन्सच्या. आणि आज दुपारी जेवायला येताना त्यानं काय आणलं? टोपलीभर सेप.
म्हणाला, माझ्या जागेवरचे आहेत. मी भाजलेलं बदक टेबलावर यायच्या आधीच सांगितलं की चोराच्या हातचं या घरात शिजणार नाही. तीस वर्षं माझ्या टेबलावर जेवलास आणि पाठीत खंजीर खुपसलास. बहीण मारीस म्हणाली, क्लोव्हिस, बसून घे, तोंड आवर. मी उभाच राहिलो.
लेओन्सनं चाकू पावाच्या तुकड्यावर पुसला, मिटला, खिशात टाकला. आमच्याकडे चाकू मिटला की जेवण संपलं. सूपसुद्धा झालं नव्हतं. दोघं गेले.
बदक चांगलं झालं होतं. मला तीन वाढण्या जास्त आल्या, पण गोड लागलं नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार
पत्त्यांना लेओन्स नाही. दोघांत बेलोतचा डाव मांडता येत नाही. ओदेतनं विचारलं, पुरावा काय? म्हटलं, मन सांगतं. म्हणाली, तुझं मन याच महिन्यात चीज बंद करणार होतं.
संकल्प: पुरावा गोळा करणे. रोज पहाऱ्याला त्या जागी जाणार. अ‍ॅप चालूच ठेवणार, म्हणजे मी कुठे, कधी, किती वेळ पहारा दिला याची पक्की नोंद राहील.

६ ऑक्टोबर
बुंधे वाढतच चाललेत. पायाखाली तुडवलेलं गवत, सिगारेटची थोटकं, एक विसरलेली छत्री. म्हणजे लेओन्सनं टोळी जमवली आहे. छत्री बायकी आहे. मारीससुद्धा? माझी सख्खी बहीण?
झाडाला पाटी ठोकली: सावधान, विषारी साप. पाटीचा फोटो अ‍ॅपवर टाकला, मार्गाच्या पाट्यांचं काम किती पुढे गेलंय हे लोकांना कळावं. एकशे नव्वद अंगठे. आजवरचा उच्चांक.
मध्येच फोन हातात घेतला, लेओन्सचा नंबर काढला, ठेवून दिला. त्यानं आधी करावा. गुरुवार फार लांबतो.

१३ ऑक्टोबर, रविवार
उद्घाटन. ऊन, वारा नाही. त्रेचाळीस जणांनी नाव नोंदवलं होतं. चौकात आले चार. सरपंचबाईंनी फीत कापली आणि घाईघाईनं गेल्या. झग्याखाली त्यांनी रबरी बूट घातले होते.
चौघांपैकी तिघं बेल्जियमचे. गाढवटेकडीवर निम्म्यात मला तांत्रिक थांबा लागला. वरून खाली पाहिलं तर रानाच्या कडेला गाड्यांची रांग. सोलांजची व्हॅन, नोटरीसाहेबांची निळी गाडी. माणसं टोपल्या घेऊन वाकलेली. माझी पाटी कुणीतरी बसायला घेतली होती.
लेओन्सची गाडी शोधली. तीनदा शोधली. नव्हती.
बेल्जियमच्या बाईनं पाणी दिलं. म्हणाली, तुमचे आभार मानायचे होते, काल आम्हीही तिथून दीड किलो नेले. मी विचारलं, तिथून म्हणजे कुठून? तिनं फोन दाखवला. पस्तीस दिवसांच्या लाल रेघा, सगळ्या एकाच ठिकाणी येऊन थांबलेल्या. बावन्न मिनिटं. अठ्ठेचाळीस. एकसष्ट. सव्वा तास. म्हणाली, अ‍ॅपवर सगळे या ठिकाणाला क्लोव्हिसचा फ्रीज म्हणतात, तुम्हाला ठाऊक नाही?
सायकल ढकलत घरी आलो. बासष्टपैकी सात.

१४ ऑक्टोबर, सोमवार
दुपारी लेओन्सकडे गेलो. चालत. तो सूप पीत होता. मारीसनं माझ्यासमोरही वाटी ठेवली. मी माफी मागितली. खरी मागितली. लेओन्स म्हणाला, बस, गार होतंय.
मग म्हणाला, ती जागा मला अठ्ठावीस वर्षं ठाऊक आहे. तुझ्या दोन वर्षं आधी सासऱ्यांनी मला दाखवली. म्हणाले होते, क्लोव्हिसच्या पोटात काही राहत नाही, त्याला सांगितलं तर महिन्याभरात गावजेवण होईल, तू लक्ष ठेव. शेवटी शेवटी त्यांना राहवलं नाही, पोटचा पोरगा म्हणून सांगून बसले. तुला सांगितल्यापासून मी तिथला एक सेप कापलेला नाही. त्या रानाला वळसा घालून जातो.
माझा बाप. मला सोडून जावयाला. आणि महिन्याभरात म्हणाले होते, मी सव्वीस वर्षं काढली, हे कुणी मोजत नाही.
लेओन्सनं चाकू उघडला, पाव कापला, मोठा तुकडा मला दिला. चीजही पुढे सरकवलं. सगळं पूर्वीसारखं झालं. मन इतकं हलकं झालं की मी म्हटलं, माझी जागा तर आता गेली, तू तुझी दाखव ना. कुणाला सांगणार नाही.
त्यानं चाकू पावावर पुसला, मिटला, खिशात टाकला.
माझं सूप अर्धं राहिलं.