भिंतीतून जाणारा ताणा

१२ फेब्रु. १९६४
धाकटा श्याम उकव्याच्या खाणीवरून सकाळच्या बसनं आला. चहा पिऊन म्हणाला, "दादा, ओसरी निम्मी माही. पोराचं लगन होऊन राह्यलं, सुनेले खोली पायजे."
आजोबांनी ओसरी सोळा हात बांधली ती ताण्यासाठी. लुगड्याचं उभं सूत अख्खं पसरलं तरच खळ नीट बसते. आम्हा कोष्ट्यांत खोल्या वाटतात, ओसरी कुणी वाटत नाही. रागात म्हणालो, "टाक मग भिंत!" कोष्ट्याचं पोर, मागं सरेल वाटलं. नाही सरला.

१३ फेब्रु.
सौ. दिवसभरात एकदाच बोलली, "भिंत तुमच्या तोंडानंच बांधली. गवंडी नावाले येईन." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

२० फेब्रु.
भिंत कमरेला आली. गल्लीत ताणावं तर राइस मिलचे ट्रक. श्याम गवंड्याला थांबवून म्हणाला, "इथं भोक ठेव. दादाचा ताणा माह्या घरातून जाईन." अडीच हात रुंद, वीतभर उंच. मला रडू आलं. तोंड फिरवलं.

६ मे
लग्न पार पडलं. आज पहिला ताणा भोकातून गेला. सुनेनं खाट स्वतः उचलली. म्हणते, "मोठे मामाजी, तुमचं सूत माह्या घरात, माह्या फोडणीचा ठसका तुमच्या घरात." गुणी पोर. अख्खं लुगडं निघेल.

११ मार्च ६५
सून बाळंत झाली. मुलगा. बाज भोकाखालीच, वारा लागू नये म्हणून भोकात गोधडी कोंबलीय. इकडे कालच सूत खळीत घातलेलं. सव्वा महिना ती खोली बाळंतिणीची. कोणत्या तोंडानं विचारू?

१३ मार्च
खळ आंबली. सूत धुतलं, निम्मं तुटलं. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसता बसलो. सौ. म्हणाली, "बोला तरी त्याहिले." नाही बोललो.

१७ मार्च
श्याम रजेवर आलाय. गोधडी जराशी सरकवून हाक मारली, "दादा, काहून येत नाही? पोरगं पाह्य, नाक आपल्या बाबाचंच आहे."
"हौ, येतो," म्हटलं.
आपल्याच घरचं लेकरू. आणि माझ्या मनात काय येतं, तर यालाही उद्या खोली लागेल. लाज वाटते लिहायला.
सौ. झबलं घेऊन केव्हाची दारात उभी आहे. अजून उठलो नाही.