पोटात डबी असलेला ब्रश

५ नोव्हें., मंगळ.

पहाटेच ड्युटीचा कॉल आला, दिलीप गेला. मालगाडी घेऊन, टिटलागडले. चकल्यांचा डबा ओट्यावरच राहिला आणि कपात अर्धा चहा. चिन्नी उठल्या-उठल्या विचारते, "पापा आए थे क्या?" आले होते बाप्पा. तू झोपून होती. अन् मी चहा करेपर्यंत तो बूट घालून उभा.

काल त्याले समता कॉलोनीत दातांच्या जोशी मॅडमकडे नेलं होतं, हिरडी दुखते म्हणून. मॅडमनी खालचा ओठ उलटा करून पाहिला. आतून पांढरा चट्टा. "गुडाखू लावता का?" हा म्हणते, कधी कधी. कधी कधी! इतक्या वर्षांच्या संसारात मले पत्ताच नाही. ड्युटी संपल्यावर ते लोक रनिंग रूममध्ये झोपतात, तिथं उठले की सगळेच बोटानं ती काळी तंबाखूची चिकट लुगदी दातांले घासत बसतात म्हणे. झोप उडते.

मॅडम म्हणाल्या, "आजपासून बंद. जानेवारीत दाखवा. चट्टा तसाच असला तर तुकडा काढून तपासायला पाठवू." कशासाठी तपासायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. येताना स्कूटी मी चालवत होती. बूढापाऱ्याच्या वळणावर तो म्हणे, "तू काहून इतकी भेली? काही नसते ते." त्याचाच हात माझ्या खांद्यावर जड झाला होता.


९ नोव्हें., शनि.

दिलीपची लाईनची बॅग, ड्युटीवर नेतो ती, धुवायले काढली. ब्रश पॉलिथिनच्या पिशवीत, ओलाच, वरून रबर. उघडला अन् माय वो, काय तो वास! असा ब्रश तोंडात घालायपेक्षा माणूस गुडाखूच लावन, त्याची काय चूक. (चूक आहेच. पण वास पण आहे.)

दुपारी बीरगांवले आमच्या प्लास्टिकच्या फॅक्टरीत सेठजी आम्हा कामावरच्या सगळ्यांवर भुंकून राहिले होते. तेच ते पाण्याचे मग, साबणदाण्या, टिफिन — कुछ नया लाओ. नव्या रायपुरात इतकी ऑफिसं उघडली, साहेब लोक टूरवर जातात, त्यांच्यासाठी काही काढा. मी तोंड उघडलं कसं काय माहीत. म्हटलं, सेलवर चालणारा ब्रश काढू, छोटा. दांड्याच्या पोटात डबी. पेस्टही आत, ब्रशचं डोकंही आत. खिशात टाका अन् चला.

सेठजी म्हणे, "सब कुछ अंदर? बनाओ मैडम."

मी साहेब लोकांचा विचार नव्हता केला. सेलचा ब्रश गुर्रगुर्र करते. झोप उडवायलेच लागते ना गुडाखू? मंग हा घे.


१४ नोव्हें., गुरु.

चित्र काढून-काढून डोकं पकलं. पेस्टची डबी खाली, मोटर मधात, डोकं उलटं करून आत. बूड गोल केलं, बॅगेत अडकू नये म्हणून. ओलं डोकं बंद केलं तर पुन्हा तोच वास. भोकं ठेवली तर पाणी मोटरीत. एक झाकलं तर दुसरं उघडं पडते.

फोन आला होता, दोन मिनिटं. मागून इंजिनचा आवाज. "जेवली का?" "जेवली. तू?" "हाव." अन् रेंज गेली. मले खूप सांगायचं होतं. काय ते आता आठवून राहिली तर काहीच नाही, नुसतं बोलायचं होतं.


२३ नोव्हें., शनि.

आज दिलीप घरी. म्हणजे झोपलेला. सकाळी आला, आंघोळ, दोन पोळ्या, आडवा. दुपारी चिन्नी ट्यूशनले गेली. घर सुमसाम. मी पलंगाशी बसून त्याचा हात मापला. हसू आलं मलेच. फॅक्टरीतला कॅलिपर घेऊन झोपलेल्या नवऱ्याची मूठ मापणारी बाई आख्ख्या रायपूरमध्ये मीच असन. दांडा किती जाड पाहिजे ते कळायले नको? बोटं मिटवली, उघडली. अंगठ्याखाली घट्टा आहे. तो पहिले नव्हता. किंवा असन, मी कधी पाहिला.

झोपेतच म्हणे, "हिरवा." इंजिनात दोघं असतात, सिग्नल दिसला की एक बोलतो आणि दुसरा तेच पुन्हा बोलतो, तसा नियम आहे. कोणी उत्तर देईना म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं. मी हळूच म्हटलं, "हिरवा." मंग शांत झोपला.

माप कधीच झालं होतं. तरी हात सोडला नाही मी. आई म्हणायची, चणे आहेत तर दात नाहीत अन् दात आहेत तर चणे नाहीत. आमचं तसंच. तो घरी असतो तेव्हा जागा नसतो, जागा असतो तेव्हा घरी नसतो. मले त्याच्यासंग नुसतं गच्चीवर बसायचं आहे. बूढा तालाबाकडून वारा येते, तिथं. काही बोलू नको म्हणा.


१ डिसें., रवि.

पहिलं सॅम्पल निघालं. पांढरं, ढब्बू. चालू केलं तर झाकण थरथरून आपोआप उघडलं, पेस्ट टेबलावर. मशीनवरचे साहू भैया हसून-हसून लाल. मी म्हटलं, आटे वाढवू अन् रबराची रिंग टाकू. "हव दीदी, पर ये कोन बिसाही?" कोण विकत घेईल ते सेठजी पाहतील. मले एक गिऱ्हाईक पुरे आहे.

वासाचं जमलं. डोक्याच्या कप्प्याले वरच्या अंगानं जाळी, मोटरीले वेगळी भिंत. इतकी सोपी गोष्ट, पंधरवडा खाल्ला हिनं.


८ डिसें., रवि.

दिलं त्याले! मोरपंखी रंग, हँडल त्याच्याच मुठीच्या मापाचं. चालू करून दचकला, मंग तोंडात घातला, फेस उडवत आरशासमोर नाचला. चिन्नी लोटपोट. "पापा, फिर से!" कितीतरी दिवसांनी आम्ही तिघं न्हाणीच्या दारात एकाच वेळी जागे होतो.

"सुमे, तू तं इंजिनिअर निघाली वो."

"मंग? आता गुडाखू बंद."

"बंद म्हणजे बंद."

त्याचा घरचा निळा ब्रश झिजून झाडू झाला होता, तो फेकला. आता घरी अन् लाईनवर एकच. संध्याकाळी कॉल. गेला. जाताना ब्रश मिटवून वरच्या खिशात, पेनासारखा.


९ डिसें., सोम.

सकाळी गिलासात दोनच ब्रश. माझा आणि चिन्नीचा. इतके दिवस तो नसला तरी निळा असायचा. तिरपा, माझ्यावर रेलून. त्याच्याकडे पाहून वाटायचं, येईल, सामान आहे त्याचं इथं. आता सगळं पोटात घालून गेला. मीच तसं केलं. फेकायची काय घाई होती मले, सत्यानाश.


१२ डिसें., गुरु.

फोटो पाठवला त्यानं. रनिंग रूमचा ओटा, पाच-सहा जण बनियनवर, मधात दि. ब्रश वर धरून, जशी काही ट्रॉफी. खाली लिहिलं, "सब पूछ रहे, भाभी से हमको भी दिलाओ." मी तो फोटो सेठजीले दाखवला, साहूभैयाले दाखवला, भाजीवालीलेही दाखवला. दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.


२० डिसें., शुक्र.



दि. सकाळी आला, झोपला. मी म्हटलं ब्रश धुवून ठेवू, पेस्ट भरू. डबी उघडली. आत गुडाखू. काठोकाठ. मी केलेल्या डबीत, मी बसवलेल्या रिंगनं घट्ट बंद केलेली, जराही न सुकलेली, ताजी गुडाखू.

झोपेतून उठवलं. कधीच उठवत नाही मी त्याले, ड्युटीवाल्या माणसाले उठवू नये. आज उठवलं. डबी नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

उठून बसला. मंग काय म्हणते, तर, "तू डबीच इतकी मस्त बनवली. पेस्ट संपली एका दिवशी, रिकामी होती... सांडत नाही ना, सुकत नाही."

मले हसू का रडू. सगळे मागत होते ते याच्यासाठी! ट्रॉफी धरून उभे होते सगळे. मी बोलली, खूप बोलली. तुले पोट्टी आहे, तुले मी आहे, तुकडा काढतील तोंडाचा, काय निघन त्याच्यात, तुले समजते का? आवाज बाहेर गेला असन. आपलेच दात, आपलेच ओठ, कोणाले सांगता?

तो ऐकत बसला. मंग हळू म्हणे, "घरी मले कधी लावताना पाहिलं?"

नाही पाहिलं. म्हणून तर पत्ता नव्हता.

"घरी आठवणच नाही येत मले. तिथं उठलो की कोणत्या गावात आहे तेच कळत नाही. दिवस आहे का संध्याकाळ, तेही नाही. बोट तोंडात गेलं की तेवढं काहीतरी रोजचं वाटते."

मी डबी नळाखाली धरली. काळं पाणी गेलं. तो मागे उभा राहून पाहत होता, मंग त्यानं माझ्या पाठीवर कपाळ टेकवलं. मी नळ बंद नाही केला.


२५ डिसें., बुध.

डबी बदलली. उघडा कप्पा काढला, आता पेस्टची छोटी नळी आत सरकते, दुसरं काही भरताच येत नाही. आणि बूड सपाट केलं. सेठजी नाराज. "गोल अच्छा था, इसकी क्या ज़रूरत?"

म्हटलं, "घर में खड़ा रहना चाहिए, सेठजी."

"ट्रैवल का माल है मैडम, घर में क्यों खड़ा रहेगा?"

काय सांगू त्यांले. सपाटच ठेवलं.


५ जाने., रवि.

दि. दीड दिवस होता. नवा ब्रश दिला, रंग तोच मोरपंखी. उलटा-सुलटा करून पाहिला, बुडावर उभा केला, पडला नाही. हसला.

संध्याकाळी गच्चीवर बसलो! खरंच बसलो. शाली घेऊन, शेंगा खात. टॉर्चनं ओठ पाहिला मी. चट्टा लहान वाटला मले. का मले तसा पाहिजे म्हणून वाटला. "काय म्हणते?" "तोंड मिट, मच्छर जाईन." मधेच त्याचा हात खिशाकडे जायचा आणि परत यायचा. दोन-तीनदा. मी पाहिलं नाही असं दाखवलं, अन् दरवेळी त्या हातात शेंगा ठेवल्या.


१४ जाने., मंगळ.

उद्या संक्रांत, तो उद्या नाही. बॅग भरताना चिन्नीनं ब्रशच्या डोक्याच्या कप्प्यात तिळगुळाचे दाणे कोंबले. "पापा को वहाँ कौन देगा?" अवो पोट्टे, मोटर बिघडन! दि. म्हणे राहू दे. दात घासायच्या ब्रशमध्ये साखर, जोशी मॅडमनी पाहिलं तर मारतील आम्हाले. रात्री रनिंग रूममधून फोन आला, "गोड बोल म्हणते तुझी पोट्टी, अन् तीळ अडकले ना जाळीत." हसत होता. आवाज थकलेला, पण हसत होता.

विचारू का, विचारू का, असं झालं. नाही विचारलं.


२१ जाने., मंगळ.

काल रात्री आला, आज रात्री गेला. नीट बोलणं नाही, चिडचिड. घाम. चिन्नीवर ओरडला, मंग तिलेच मांडीवर घेऊन बसला. गुडाखू सुटताना असं होते म्हणे. सुरू असतानाही होते का, मले माहीत नाही. उद्या पाचले जोशी मॅडमची वेळ. "अकरापर्यंत येतोच, सुमे. लहान फेरी आहे." पायरी उतरला, मंग परत वर आला, न्हाणीत गेला, बाहेर आला, गेला.


२२ जाने., बुध.

सकाळी तोंड धुवायले गेली. गिलासाच्या बाजूले मोरपंखी ब्रश. बुडावर उभा, सरळ. विसरला म्हणून फोन उचलला, तर तिथंच गुडाखूची टिनची डबीही. ती कुठं लपवायचा ते मले आजपर्यंत सापडलं नव्हतं. स्वतःच काढून ठेवली, ब्रशशेजारी. दोन्ही इथंच सोडून गेला.

मंग तिथं काय घासलं असन आज सकाळी? का तिथं दुसरी डबी आहे? का कोणाची मागितली? डबी हलवून पाहिली. अर्धी आहे. फेकली नाही. त्यानं ठेवली आहे, तोच फेकन.

अकरा वाजले. बारा. फोन लागला तेव्हा गाडी महासमुंदच्या अलीकडे उभी. "लाल आहे, सुमे. कधीचा लाल आहे." ब्रशचं त्यानं काढलं नाही, मीही नाही. म्हटलं, "पाच नाही जमलं तं सात. मॅडम आठपर्यंत बसतात, मी बोलून ठेवते."

"लाल," तो पुन्हा म्हणाला.

"लाल," मी म्हटलं.

मॅडमले फोन केला. सातची वेळ दिली. चिन्नीसाठी शेजारी सांगून ठेवलं, स्कूटीत पेट्रोल टाकलं. ब्रशमध्ये नवी नळी भरली अन् जाळीत अडकलेला शेवटचा तीळ सुईनं काढला. सव्वापाच झाले आहेत. तो ब्रश उभा आहे.