मास्तर, आता पोरीले सोडा

मास्तर,

रामराम करणार नाई. रामराम जित्या माणसाले करतेत, आन् तुमी तर फागुनातच गेले. तरी लिवून राह्यली, कारण समी आज सकाळच्या गाडीनं वर्ध्याले गेली आन् हे तुमाले माझ्याकडून कळणं जरुरी हाय.

तोंडानं सांगतलं असतं. निंबाखाली उभं राहून दोन शब्द बोलाले काय लागते? पण तोंडानं बोलली तर तुमी उत्तर देसान, आन् तुमचं उत्तर ऐकाची माझी इच्छा नाई. कागदावर मी एकटीच बोलन. जित्तेपणी माझं कधी ऐकलं नाई, आता ऐका. तिसरीपर्यंतची शाळा हाय माझी, चुका मोजत बसू नका.

आठवते काय, समीले तुमी पहिल्यांदा पाह्यलं ते? ढेमसं घ्याले आमच्या वाडीत आलते. मी तराजू धरून होती, नात माझी धुऱ्यावर, वाडीच्या बांधावर बसून होती. आठवीत होती तवा. तुमी गंमत म्हणून तिले एक हिशोब टाकला. तुमची छत्री बंद व्हायच्या आधी तिनं उत्तर देल्लं. तुमी ढेमसं तिथंच ठेवले आन् तिच्याकडं असे पाहत राह्यले, जसं कोण्या माणसाले स्वतःचं हरवलेलं ढोर दुसऱ्याच्या गोठ्यात दिसावं.

मले तवाच समजाले पाह्यजे होतं, का हा माणूस आता जाणार नाई.

पण खरं सांगतो, मले तवा बरंच वाटलं. हायस्कुलात तिचे हाल होते. साऱ्या वर्गाच्या आधी तिचं गणित व्हायचं, आन् झालं का तिले फळा पुसाले लावत, नाई तं माठ भराले धाडत. हुशार पोट्टीचं काय करावं, हे त्यायले माहीतच नोतं. बाकीच्या पोरी तिले ‘कम्प्युटर’ म्हणून चिडवत. मंग ती मुद्दाम चुकाले लागली. हो मास्तर, येणारं गणित चुकवून येई आन् घरी येऊन भिताडाकडं तोंड करून बसे. तिचे माय-बाप बुटीबोरीले कंपनीत, सणावाराले येणार. मी काय करू? मले भाकर थापता येते, गणित थोडीच थापता येते.

तुमी रिटायर झालेले, बायको गेलेली, लेकरूबाळ नाई. रोज दुपारी छत्री घेऊन यायचे, विहिरीपाशी निंबाखाली उभे राह्यचे आन् तिले एक सवाल सांगायचे. एकदाच. लिवून घेऊ द्यायचे नाई. म्हणायचे, डोक्यात ठेव, कागद आळशी करते. दुसऱ्या दिवशी तिनं उत्तर सांगायचं. बरोबर असलं तर पुढचा सवाल. चुकलं तर पुन्हा तोच, शब्दाले शब्द तसाच, आन् छत्रीच्या टोकानं जमीन ठोकत राह्यचं. टक, टक. त्या निंबाखाली तुमी एवढे खड्डे पाडले का मले वाटे इथं कोणी रोपं लावाले आलं.

पोट्टी फुलली, हे मी नाकारत नाई. जेवतानी हासाले लागली. रस्त्यानं चालतानी ओठ हलत तिचे.

पण शाब्बास म्हणून तुमी तिले कधी म्हटलं नाई! एकदाही नाई. मी तुमाले म्हटलं होतं, “मास्तर, एक डाव तरी चांगलं म्हणा तिले. तोंड झिजते काय?”

तुमी म्हटलं, “चांगलं म्हटलं का ती तिथंच बसन, बाई.”

“बसू द्या ना घडीभर. बैलालेही दुपारी सोडतेत.”

तुमी हासले नाई. तुमी कधी हासतच नोते. तुमाले जू ठेवणं भल्लं चांगलं जमे मास्तर, जू उतरवणं कोणी शिकवलंच नाई तुमाले.

मंग फागुनात तुमी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. पुण्याहून पुतण्या आला, सारं घाईघाईत उरकलं, कुलूप लावलं आन् गेला. तुमच्या दारात सारं गाव उभं होतं तवा समी माझा पदर ओढून इचारे, “आजी, कालचं माझं उत्तर बरोबर होतं काय?”

मी म्हटलं, “मले काय माहीत वं? रड ना बाई, लोक पाहून राह्यले.”

ती रडली नाई. तिनं उत्तर सांगतलं होतं आन् तुमी पुढचा सवाल न देता गेले. बरोबर का चूक, ते तिले कोण सांगणार? हे असं अर्धवट सोडून कोणी जाते काय?

आता अक्षय तृतीयेचं सांगतो, कारण चूक तिथं झाली.

त्या दिवशी आमी पितरायच्या नावानं नवं गाडगं पाण्यानं भरून ठेवतो. घरच्या माणसाचं गाडगं उंबऱ्याच्या आत. परक्याचं ठेवाचं असलं तर उंबऱ्याच्या बाहेर. माझी सासू सांगे, परक्याले नाव घेऊन आत बोलावलं का त्याले परत जायची वाट सापडत नाई. मी त्या बाईचं आयुष्यात काई खरं मानलं नाई. म्हणून पोरीले कधी सांगतलंही नाई.

मी चुलीपाशी चिंचवणी करत होती. पाणी भराचं काम समीले देल्लं होतं. निवदाचं पान घेऊन बाहेर आली आन् पाह्यते, तं उंबऱ्याच्या आत दोन गाडगे. एक तिच्या आज्याचं.

“हे दुसरं कोणाचं वं?”

“मास्तरचं. त्यायच्या घरी कोणी भरलं नसंन ना. मी त्यायले उत्तरही सांगतलं पाण्यात वाकून.”

“नाव घेतलं काय?”

“घेतलं ना. म्हटलं, मास्तर, आत या.”

भरलेलं गाडगं दुसऱ्या दिवसाच्या सांजेपर्यंत उचलत नाई. मी तसंच राहू देल्लं. कुरड्या तळल्या, वाढल्या. पण जेवतानी मले सारखं वाटे का आमी दोघी जेवून राह्यलो आन् कोणीतरी ताटाकडं न पाहता पोरीकडं पाहून राह्यलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नोतं अशा उन्हात, समी दारात उभी होती. मान वाकडी करून, ऐकल्यासारखी. मंग धावत आत आली. तिचं तोंड असं उजळलं होतं, का मले धाक पडला.

“आजी, मास्तरनं पुढचा सवाल देल्ला. म्हंजे मागचं बरोबर होतं!”

मी तिच्या डोक्शाले हात लावून पाह्यला. पन्हं पाजलं, खिशात कांदा ठेवला. म्हटलं ऊन लागलं पोट्टीले. मंग इचारलं, काय सवाल देल्ला?

तिनं सांगतला. एक माणूस गाडग्यातलं निम्मं पाणी पितो. दुसऱ्या दिवशी उरल्यातलं निम्मं. तिसऱ्या दिवशी त्यातलं निम्मं. गाडगं रिकामं कधी होईन?

“मंग कधी होईन?” मी म्हटलं.

“कधीच नाई आजी. तो पीतच राहीन.”

मी आत जाऊन तुमचं गाडगं पाह्यलं. निम्मं होतं. आज्याचं काठोकाठ.

ऊन पिऊन गेलं असंन, असं मी स्वतःले सांगतलं. ऊन एकच गाडगं पिते काय, मास्तर? गाडगं उचलून मी विहिरीपाशी उपडं केलं. त्यानं काय होते! दुसऱ्या दिवशी मी अंगण झाडून सडा टाकला, आन् दुपारी पाह्यते तं ओल्या मातीत निंबापासून आमच्या दारापर्यंत छत्रीच्या टोकाचे खड्डे. पायाचा ठसा एकही नाई. बकरी त्या उन्हात तापून मरे, पण निंबाच्या सावलीत जाईना. दोरीनं ओढली तं आडवी पडली.

शेजारची शेवंता म्हणे, भगताले बोलाव. मी म्हटलं, मास्तर माणूस हाय तो, भगताचं काय ऐकन? उलटा त्यालेच पाढे म्हणाले लावन.

आन् खरं सांगू? मले तुमाले हाकलाचं नोतं. तिच्या मेंदूले पुरंन असं खाद्य या गावात तुमच्याशिवाय कोणापाशी होतं? मी म्हटलं, देऊन राह्यला तर देऊ दे. पण सवाल कठीण होत गेले. ती जेवण विसरे. वेणी घालाले बसे ना. माझ्याशी बोलतानीही तिचं अर्धं ध्यान निंबाकडं. जित्या मैत्रिणी बोलवाले येत, तं ही म्हणे, मले काम हाय. चौदा-पंधरा वर्साच्या पोरीले मेलेल्या माणसाकडं काय काम, सांगा ना मले!

मंग तो एक सवाल तुमी देल्ला आन् ती अडकली. उत्तर सांगे, चूक. पुन्हा तोच सवाल. पुन्हा चूक. टक, टक, टक. आता मलेही ऐकू याले लागलं होतं. चूल पेटवतानी, वांगे तोडतानी, सारखं. पोरीचे डोळे खोल गेले.

त्यातच शाळेतल्या नव्या मॅडम घरी आल्या. तुमी गेल्यावर आल्या त्या, तुमाले ठाव नाई. कोवळी पोर हाय, बोरगाव मेघेहून एसटीनं ये-जा करते. समीचा पेपर तपासतानी तिले समजलं होतं का या पोट्टीचं पाणी वेगळं हाय. तिनं सांगतलं, वर्ध्याले हुशार पोरायचं गणिताचं शिबिर हाय, महिनाभर. समीनं मॅडमच्या घरी, त्यायच्या आईपाशी राहावं, त्या रोज नेतीन-आणतीन.

समी म्हणे, “मी नाई येत. माझा एक सवाल बाकी हाय.”

“कोणता गं? सांग की मला.”

तिनं सांगतला. मले त्यातलं निम्मंही समजलं नाई. मॅडम खाटेवर बसली, पदरानं घाम पुसला, बोटानं हवेत काई लिवलं, पुसलं. भल्ला वेळ गेला. मी मनात म्हटलं, आता ही बाई काईतरी थाप मारन.

ती म्हणाली, “मला नाही येत गं हे.”

समीनं मान वर केली. मास्तर, तुमी असतानी तिनं असं कोण्या मास्तराच्या तोंडून ऐकलंच नोतं.

“मंग?”

“मग काय, दोघी मिळून शोधू. तिकडं माझ्याहून हुशार माणसं येतात, त्यांनाही विचारू. त्यांनाही नाही आलं तर तुझं नाव होईल.” आन् तिनं समीच्या पाठीवर हात ठेवला. “इथपर्यंत पोचलीस हेच किती झालं!”

समी रडली. फागुनात रडाची ती तवा रडली, आन् रडता रडता हासली.

बाहेरची टकटक थांबली.

मॅडमनं दाराकडं पाह्यलं. “आजी, बाहेर कोणी काठी ठोकत होतं ना इतका वेळ? कोण आहे?”

मी म्हटलं, “बकरी असंन.”

बकरी माझ्या पायापाशी बसली होती.

तर मास्तर, ती गेली. मीच तिची पिशवी भरली. गाडीत बसतानी तिनं निंबाकडं एकदा पाह्यलं, मी मध्ये उभी राह्यली. मले भीती होती का तुमी गाडीत चढसान. उंबऱ्याच्या आत एकदा घेतलेला माणूस कुठपर्यंत मागं जाते, हे माझ्या सासूनं सांगतलं नोतं.

पण तुमी नाई गेले. आज दुपारी समजलं मले.

मी वाडीत ढेमसं तोडत होती. मागून आवाज आला, तुमचाच, तसाच खरखरीत. “टोपल्यातले निम्मे ढेमसं इकले आन् वर एक इकलं. हाती एक राह्यलं. टोपल्यात किती होते, बाई?”

मागं कोणी नोतं. मातीत टोकाचा एक खड्डा होता.

काऊन मास्तर? मले काऊन? मले या उमरीत कोणी काई इचारलं नाई. भाजी केवढ्याले देल्ली, एवढंच. आन् तुमी लबाड, मले येईन असाच सवाल शोधून आणला. वाफा संपायच्या आत उत्तर आलं मले! असं वाटलं का कोणीतरी अंधाऱ्या कोठीची खिडकी उघडली. तवा समजलं पोरगी काऊन उन्हात उभी राहे. ओठावर आलं होतं.

पण मी थांबली. बरोबर सांगतलं तर तुमी पुढचा देसान. मंग त्याच्या पुढचा. माझं डोकं कितीक पुरणार? मी संपली का तुमी पुन्हा तिले धुंडाले जासान.

मी म्हटलं, “दहा.”

टक, टक.

चूक हाय, मले माहीत हाय. बरोबर काय ते इथं लिवणार नाई, कारण हा कागद मी निंबाखाली गोट्याखाली ठेवणार हाय आन् तुमी वाचसान. मी मुद्दाम चुकून राह्यली हेही तुमाले कळन. कळू द्या. चुकीच्या उत्तरावर पुढं जाता येत नाई, हा कायदा तुमचाच, आन् तुमी तो जित्तेपणी कोणासाठी मोडला नाई.

म्हणून शब्द देतो मास्तर. मी जित्ती हाय तोवर रोज दुपारी निंबाखाली येईन. तुमी इचारा. मी कधी वीस सांगन, कधी शंभर सांगन, ते एक उत्तर सोडून सारे आकडे सांगन. तुमाले एकटं पडू देणार नाई आन् पुढंही जाऊ देणार नाई. तिकडं पोरीले तिच्या चुका जित्या माणसायसोबत करू द्या.

उद्या ऊन डोक्यावर आलं का याजो.

समीची आजी